अण्णांना पटेल असं पुस्तक

आमच्या ट्रॅक्टरचं वय एकोणचाळीस. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि निघोज्यातल्या आमच्या घरात त्याचा मान माझ्यापेक्षा जास्त. गेल्या महिन्यात त्याची लिफ्ट बसली. मागे नांगर जोडला की वर उचलेना. माझे वडील, बबनराव, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "ज्ञानेश, त्याच्या दुरुस्तीचं बुक आन."

इथेच माझं डोकं फिरलं. मार्चपासून अण्णांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली आहेत. मानेतली नस दबलीय, डॉक्टरांनी पाना उचलायलासुद्धा बंदी केलीय. ज्याच्या हातून शर्टाचं बटण लागत नाही त्याला दुरुस्तीचं पुस्तक कशाला हवं? मला सरळ भीती वाटत होती, की मी शिफ्टला गेल्यावर हे एक दिवस लिफ्ट खोलायला बसतील आणि ते धूड अंगावर घेतील. मी म्हणालो, विकून टाकू. अण्णा म्हणाले, "आधी बुक आन. मग बघू."

मी महाळुंग्याला कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर कागदच तपासतो, त्यामुळे एक पुस्तक शोधणं म्हणजे किरकोळ काम वाटलं होतं. पहिलं ऑनलाइन मागवलं, जाडजूड, रंगीत चित्रांचं. अण्णांनी ते मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "लिफ्टचं पान काढ." इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून माझ्या बायकोला, वर्षालीला, मराठीत सांगायला बसवलं. चार वाक्यं ऐकून त्यांनी पुस्तक मिटलं.

"आपलं न्हाई हे. यात पंप बाहेर हाय. आपला आत, तेलात बुडल्याला हाय."

दुसरं चाकणच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून आणलं, हिंदीतलं. दुकानदार म्हणाला, भाऊ, सगळे हेच नेतात. पुन्हा तेच पान. यात पंप आत होता, मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "खोलायच्या आधी लिफ्टचे हात खाली पाडून घ्यायचे, हे कुठं लिव्हलंय?" वर्षालीने मागची-पुढची पानं धुंडाळली. कुठेच नव्हतं.

"मग हे बुक माणूस मारंल. हात वर असताना खोललं तर ते अंगावर येत्यात," अण्णा म्हणाले.

"पण तुम्हाला माहितीये ना ते?"

"मला हाय की."

"मग झालं तर."

"न्हाई झालं."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी कुणीतरी पिंपळे गुरवच्या प्रभाकर काकांचं नाव सांगितलं. ते रिटायर्ड सर्व्हिस इंजिनिअर, त्यांच्याकडे ट्रॅक्टर कंपनीचं मूळ मॅन्युअल होतं. भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये जाता-येता नाकी नऊ आले, पण झेरॉक्स करून आणली. अण्णांनी चष्मा लावला. वर्षाली सांगत गेली, ते मान हलवत गेले. मध्येच "थांब, पुन्हा सांग." असा अर्धा तास. आमच्या कंपनीत ऑडिटर येतात, तेसुद्धा एवढा छळ करत नाहीत. शेवटी म्हणाले, "हे खरं हाय. हेच ठेवू."

मग मात्र माझा तोल सुटला. "अण्णा, तुम्हाला सगळं पाठ आहे. पुस्तकाच्या चुका तुम्ही काढताय. मग तुम्हाला पुस्तक हवंय कशाला? त्या हाताने काय करणार आहात तुम्ही?"

"मला कशाला पायजे? तुझ्यासाठी मागितलं."

"माझ्यासाठी?"

"दिवाळीत डिझेल संपून बंद पडला, तवा मी म्हनलं, डिझेलच्या पाइपात एअर घेतलीय, ती काढायला फिल्टरवरचा बोल्ट ढिला कर. तू म्हनलास, असं कुठं लिहिलंय? आन नवी बॅटरी घेऊन आलास." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचाच जास्त त्रास होत होता. "तुला सांगनं म्हंजे पालथ्या घड्यावर पानी. छापल्यालं मात्र पटतं. तुझा बी दोष न्हाई, कंपनीत तसंच शिकवत असतील. पन माझ्या हातानं आता व्हायचं न्हाई, ज्ञानेश. म्हनून म्हनलं, छापल्यालंच आनू, पन खरं बघून आनू."

मी वर्षालीकडे बघितलं. तीही अण्णांच्या बोलण्याला मान डोलावत होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा राग वाढतो, तसा वाढला. पान्यांची पेटी उचलून मी शेडमध्ये गेलो आणि ट्रॅक्टरच्या मागे उकिडवा बसलो. लिफ्टचे हात खाली पाडले. वरच्या झाकणाला बोल्टच बोल्ट होते. अण्णा झेरॉक्स घेऊन मागोमाग आले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

"आधी कुठला खोलू?" मी विचारलं.

त्यांनी झेरॉक्स माझ्या पुढ्यात ठेवली.

"बुकात बघ," ते म्हणाले. "मी सांगितलं तर भांडशील."