डब्यातला घोडा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गजालाने एका कंपनीचा स्टॉल लावला होता. बाजारात येऊ घातलेलं गेमचं यंत्र लोकांना दाखवायचं होतं, पण ते अजून तयारच नव्हतं. कंपनीने नुसता चकचकीत रिकामा डबा पाठवला. गेम चालत होता टेबलाखाली, चादरीआड ठेवलेल्या कॉम्प्युटरवर, आणि दिसत होता मागच्या मोठ्या पडद्यावर.

घोडा घ्यायला आलेले जालमसिंग खेळायला बसले. पडद्यावरच्या शर्यतीत त्यांचा पांढरा घोडा पहिला आला. खूश होऊन त्यांनी डबाच काखेत मारला. "हाऊ घोडा मी लई जास!"

पडद्यावर घोडा मात्र दौडतच राहिला. गर्दी कधी डब्याकडे, कधी पडद्याकडे बघू लागली.

गजालाला राहवेना. तिने चादर वर केली. "काका, डबा रिकामा शे. गेम या कॉम्प्युटरवर चाली ऱ्हायना."

जालमसिंगांनी डब्याला कान लावला, मग पडद्यावर दौडणाऱ्या घोड्याकडे बोट केलं. "रिकामाच ऱ्हाई ना! घोडा बाहेर पयी ऱ्हायना."

लोकांना ते पटलं. सगळे घोडा परतायची वाट बघत थांबले.

शेवटी कंटाळून गजालाने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा होताच, घोडा आत आला असं समजून जालमसिंगांनी डब्याचं झाकण दाबून धरलं.

"उना मझार! दोरी दे, बेटा."

गजालाने दोरी शोधून दिली.