गरम करून दाखवलेला लेथ

मित्रांनो, मी पेडण्यातला एक म्हातारा सीएनसी लेथ. आकडे भरा, लोखंडाचा दांडा पकडीत द्या, की मी तो केसभरही न चुकता कातून देणार! बढाई नव्हे हो, बाबुरावांच्या वर्कशॉपमध्ये मी चौदा वर्षं हेच केलं. रोज संध्याकाळी ते मला पुसायचे, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. मग त्यांचे गुडघे गेले, वर्कशॉप बंद पडलं. तेलपाण्यावाचून माझं मुख्य बेअरिंग खराब झालं. थंड असताना फिरवलं की ते कण्हायचं, तासभर चाललं की गप्प व्हायचं.

बाबुरावांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मला विकत घ्यायला गिऱ्हाईक यायच्या आधी दोन तास त्यांनी मला रिकामाच पळवला.

गिऱ्हाईक म्हणजे आमोण्याची सुमंगला. नऊ वर्षं कारखान्यात लेथ चालवून तिनं नोकरी सोडली होती. घरामागच्या शेडमध्ये पंपाचे दांडे कातून द्यायचे, असा तिचा बेत. मी खोटा निघालो तर तिचं पहिलंच काम नासणार, आणि परतायला नोकरीही नाही. इकडे मी विकला गेलो नाही तर सोमवारी भंगारवाला येणार!

तिच्याबरोबर खाणीवरचे जुने फिटर सगुण मेस्त्री आले होते. माझ्या नव्या रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बेअरिंगच्या जागी हात ठेवला.

"बाबुराव, आमी येवच्या आदीच चलयलां मरे हें? तापलां बघ."

"म्हटलां, तयार आसूं दी..." बाबुराव अडखळले.

"बंद कर. आमी जेवन येतांव. थंड जाल्यार बघूया."

ते येईपर्यंत मी निवत राहिलो. बाबुराव पायरीवर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

परत आल्यावर सुमंगलानं स्वतः बटण दाबलं. खरं सांगू? गप्प राहायची मी खूप धडपड केली. भंगाराची भीती कुणाला नसते? पण बेअरिंग कण्हलंच, वर्कशॉपभर ऐकू जाईल असं.

सुमंगलाचा चेहरा उतरला. "काका, तुमकां खबर आसलें?"

"होय गो बाय," बाबुराव जमिनीकडे बघत म्हणाले. "चूक जाली माझी. ह्याका भंगारात धाडूंक मन जायना."

तिनं मेस्त्रींना विचारलं, "बेअरिंग बदलल्यार चलात?"

"बाकी सगळां घट आसा."

"तर काका, बेअरिंग तुमीच बदलून दिवचां. बदलतना मी हंयच उबी रवतलंय."

तसंच झालं. आता मी आमोण्यात आहे. सकाळी ती मला आधी हळू फिरवते, कान देऊन ऐकते, मगच कामाला लावते.

मित्रांनो, जुनं यंत्र घ्यायला जाल तेव्हा ते निवेपर्यंत थांबा. आणि विकणारे तुम्ही असाल, तर त्याचं दुखणं आपल्या तोंडानं आधीच सांगा हो! मला न्यायला टेंपो आला, त्या दिवशी बाबुराव लाजेनं घरातून बाहेरच आले नाहीत. चौदा वर्षं ज्यांनी पुसलं, त्यांचा हात जाताना माझ्या अंगावरून फिरला नाही.