मामांचा फोकस

संपादकांनी चित्र थांबवलं, रिकामी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि तिला बसायची खूण केली. मग नेहमीसारखे तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं करत बोलू लागले. असं बोललं की ओठ वाचणं उलट अवघड जातं, हे सांगायचं तिने पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं.

सकाळी सहलीची बोट उलटून शाळेतली मुलं बुडाली होती. रुग्णालयाच्या आवारात एका मुलाचे आईवडील बोलताना कॅमेऱ्यात सापडले होते, पण रस्त्यापलीकडून. आवाज मिळाला नव्हता. आई कुणाला तरी दोष देतेय, असा संपादकांचा अंदाज होता. शाळेला, नाहीतर बोटवाल्याला. तिने ओठ वाचून सांगायचं, म्हणजे ते शब्द संध्याकाळच्या बातम्यांत चित्राखाली जातील.

“हे जमलं तर उद्यापासून तू बातमीच्या टेबलावर,” ते म्हणाले. “हवामान दुसरं कुणीतरी बघेल.”

इंटर्नशिपला आल्यापासून ती हवामानाच्या पट्टीत शहरांची तापमानं भरत होती. तिच्या वर्गातली मुलं बातमीदारांबरोबर फिरत होती. ती बातमीचं काम मागायला गेली की संपादक प्रेमाने ‘बघू’ म्हणत आणि तिच्या कानातल्या यंत्राकडे बघत. आज बोलावणं आल्यावर तिने केबिनच्या दाराशीच आईला मेसेज टाकला होता: खरं काम मिळालंय.

चित्र सुरू झालं. ते मामांनी टिपलेलं होतं. या जुन्या कॅमेरामनला सगळं ऑफिस मामाच म्हणे. बाईच्या कपाळावर चिकटलेला एकेक केस वेगळा दिसत होता. ओठ तर समोर बसून बोलल्यासारखे.

‘तो पाण्याला घाबरायचा. नको म्हणत होता. तुम्हीच जबरदस्तीनं पाठवलंत.’

नवरा समोरच्या भिंतीकडे बघत एकच शब्द म्हणत होता. हो. बाई बोलायची थांबली तरी तो म्हणतच राहिला.

तिच्या घरी आईबाबांचं वाजलं की दोघं आवाज खाली आणत, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. ती समोरच बसलेली असे, आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे बघत. तिचे कान ज्यात गेले त्या लहानपणच्या तापाकडे दुर्लक्ष केलं कुणी, दवाखान्यात न्यायला उशीर केला कुणी, सगळं तिने तिथेच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दोघं पुन्हा एकमेकांशी बोलत. बोलू शकत, कारण घराबाहेर कुणालाच त्यातलं काही माहीत नव्हतं.

तिने चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आणखी पाहायची गरज नव्हती, तरी आणखी एकदा पाहिलं.

“फोकस सुटलाय, सर. ओठ नीट दिसत नाहीत.”

संपादकांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठीकच दिसत होतं; पण ओठ वाचायला काय लागतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

जागेवर येऊन बसल्यावर तिला काचेपलीकडे ते फोनवर बोलताना दिसले. फोनवर ते साधे बोलत, त्यामुळे शब्द न् शब्द कळला.

“पोरगी प्रामाणिक आहे बिचारी. पण आपल्या कामाची नाही.”

ती तापमानं भरू लागली.

दुपारनंतर मामा आले आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसणारे ऑफिसात ते एकटेच.

“फोकस सुटला असं तू सांगितलंस?”

तिने मान डोलावली.

“बायकोने अख्ख्या संसारात ऐकवलं नसेल एवढं साहेबांनी आज ऐकवलं,” मामा म्हणाले. ती हसली नाही. तेव्हा त्यांनी स्टूल आणखी जवळ घेतलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. “काय म्हणत होती ती बाई?”

तिने केबिनकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे.

“तुमचा फोकस बरोबर होता, मामा.”

ती पुढे काहीतरी बोलेल म्हणून मामा थांबले. तिने पुढच्या शहराचं तापमान भरलं. मग ते उठले आणि सरळ केबिनमध्ये गेले.

ती अर्धवट उठून उभी राहिली. मामांची पाठ काचेकडे होती आणि पाठीवरून काही वाचता येत नव्हतं. त्यांनी एक शब्द काढला असता तर ते चित्र पुन्हा लागलं असतं, आणि तिला पुन्हा बोलावणं आलं असतं. मामा बोलत होते. त्यांचे हात हलत होते. ती संपादकांच्या चेहऱ्यावर नजर लावून राहिली. ते आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग चेहरा सैल पडला. उत्तर देताना ते समजुतीने बोलले.

“वयाबरोबर हात हलायचाच, मामा. पुढच्या वेळी ट्रायपॉड नेत जा.”

मामांची मान खालीवर झाली.

टेबलावर तिचा फोन थरथरला. आईने विचारलं होतं: काय काम दिलंय गं?

तिने फोन पालथा घातला आणि संध्याकाळची तापमानं भरायला घेतली.