भंगलेली सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे, म्हणजे चंदन उगाळायचा दगड. माझा एक कोपरा उडालेला आहे. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण बसलाच आहात तर ऐका.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मी लकडगंज वस्तीत बापूजींच्या देवघरात होते. लाकडाच्या वखारीत ते कारकून. पहाटे आंघोळ, सोवळं, मग लांबलचक पूजा. पहिलं गंध देवाला, हा त्यांचा नेम. लोक म्हणत, "देवमाणूस!" मलाही कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण पूजेनंतर लेक गोपिका स्तोत्र म्हणायची आणि एक ओळ चुकली की वेताची छडी. छडी देवघरातच, शंखामागे असायची. मारून झालं की हात धुऊन आरती. काय भक्ती, बाप्पा!

एका उन्हाळ्यात त्या नऊ वर्षांच्या पोरीची पाठ वळांनी भरली. आई मनकर्णाबाईंनी पूजेआधीच ताजं गंध तिच्या पाठीला लावलं. बापूजींना वास आला.

"देवाच्या आधी इले गंध? काहून वं?"

"आग होऊन राहिली जी तिच्या पाठीची. देवाची पाठ तं दुखत नाही!"

त्यांनी मला उचलून गोपिकेवर भिरकावलं. ती वाकली म्हणून वाचली. मी उंबरठ्यावर आपटले आणि माझा कोपरा उडाला. बापूजी धावले, पण माझ्याकडे! मला मांडीवर घेऊन ढसाढसा रडले, प्रायश्चित्त म्हणून उपास धरला. पोर भिंतीशी थरथरत होती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी मला देवघराचा वीट आला.

भंगलेली वस्तू पूजेला चालत नाही, म्हणून मी मोरीपाशी पडले. साबणाचा फेस खात वर्षं गेली. लग्न झाल्यावर गोपिकेने मला पिशवीत घालून सासरी कळमेश्वरला नेलं. तिथे तिच्या लेकीसाठी माझ्यावर जायफळ उगाळलं जायचं, उन्हाळ्यात घामोळ्यांवर चंदन.

ऐंशी सालानंतर थकलेले बापूजी तिच्याकडेच राहायला आले. एका सकाळी ती चंदन उगाळताना दिसली, तर म्हणाले, "गोपिका, पहिलं गंध देवाले लाव वं."

तिचा हात थांबला. मला भीती वाटली, ऐकते की काय!

"हे भंगली हाये, बाबा. देवाले नाही चालत." तिने लेकीचं झबलं वर केलं आणि पाठीला गंध लावलं. "लेकराले चालते."

तेव्हाही बापूजी माझ्या उडालेल्या कोपऱ्याकडेच पाहत होते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी दगड, आपटले तर एक कोपराच जातो. पोरांना जपा.