बांधाखालच्या नळीची कैफियत

मी एक जुनी नळी आहे. ताडाचं खोड पोखरून मला केलं आणि कासामान्स नदीकाठच्या खारफुटीत, भातशेताच्या बांधाखाली आडवं पुरलं. माझं एक तोंड खाडीकडे, दुसरं भाताकडे. ओहोटीला माझं बूच काढलं की पावसाचं पाणी शेतातलं मीठ विरघळवून माझ्यातून खाडीत उतरतं. भरती लागण्याआधी गवत-चिखलाचं बूच पुन्हा ठोकायचं. मित्रांनो, काम एवढंच, पण त्यावर घरं जेवतात.

मला पोखरलं अयिंपेनबाबांनी, तीस पावसाळ्यांपूर्वी. बुचाला हात लावण्याआधी ते खाडीचं पाणी बोटानं जिभेवर घेत. "नळे, आज उघडू का गं?" असं मला विचारतही. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मग त्यांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या धाकट्या लेकाच्या, लांबालच्या हाती आले. तो मला विचारत नसे आणि पाणीही चाखत नसे.

गेल्या साली बाबांचा थोरला लेक वारला. त्याची बायको सिबेत. यंदाची लावणी तिनं एकटीनं रेटली. दोन लेकरांचं वर्षभराचं भात म्हणजे माझ्या तोंडासमोरचा तो एकच तुकडा.

लावणीला पंधरा दिवस झाले होते. एरवी पावसाळ्याच्या त्या दिवसांत खाडी गोडसर होते, तेव्हा भरतीला मला जरा उघडून मासे धरायची इथे रीतच आहे. यंदा पाऊस कमी होता. लांबालनं सकाळी भरतीच्या तोंडावर बूच उपसलं, माझ्या आतल्या तोंडात वेताची टोपली बसवली आणि ताडी उतरवायला गेला. दोन घोट घेऊन गप्पांत रमला.

पाणी माझ्यात शिरलं आणि माझा जीव उडाला. ते कडू-खारट होतं. मला हात नाहीत, आवाज नाही. मी नुसती वाहत राहिले.

मित्रांनो, रोपाच्या अंगात पाण्यानं भरलेल्या बारीक पेशी असतात. त्यांच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, मिठाला मात्र सहज वाट मिळत नाही. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. बाहेर गोडं पाणी असलं की ते मुळांत शिरतं आणि पेशी टम्म राहतात. बाहेर खारं झालं की पेशीतलंच पाणी बाहेर निघतं, मिठात घातलेल्या माशाला सुटतं तसं. दुपारपर्यंत सिबेतच्या रोपांची पानं सुरळी होऊन माना टाकू लागली. घोट्याभर पाण्यात उभी राहून ती तहानेनं मरत होती.

सिबेत आली. तिनं पाणी चाखलं आणि थुंकली.

"भावजी! अहो, काय केलंत हे?"

लांबाल धावत आला. "वहिनी, मला वाटलं खाडी गोडी झाली असेल..."

"वाटलं? जीभ काय ताडीपुरतीच दिलीय?"

दोघांनी बूच ठोकलं. भरतीनं ते दोनदा उडवलं. शेवटी लांबाल त्याला पाठ लावून बसला, ओहोटी लागेपर्यंत. तोवर काठी टेकत बाबा आले. त्यांनी एक पान उलगडून पाहिलं.

"अजून जीव आहे. वरच्या खाचराचा बांध फोडा."

"मामंजी, ते गोडं पाणी तुमच्या भाताचं आहे!"

"माझं मी बघेन. फोड म्हणतो ना!"

गोडं पाणी खाली आलं, ओहोटीला बूचही काढलं, पण खारं निघेना. भरतीच्या वेळी टोपली माझ्या आतल्या तोंडात आडवी फसली होती. लांबालनं ओढली, हिसकली. शेतात पाणी चढतच होतं. मग त्यानं लांब लाकडी फावडं उचललं आणि मारलं. टोपली तुटली आणि माझा काठही फुटला. फार दुखलं, पण खारं पाणी धो-धो खाडीत गेलं.

दुसऱ्या सकाळी सिबेत बांधावर बसून होती. एकेक पान सुरळी सोडत होतं. माझ्यासमोरचा कोपरा मात्र उठला नाही. पेशी एकदा मेल्या की गोडं पाणी काही करू शकत नाही. बाबांच्या वरच्या खाचरातही यंदा अर्धंच भात पिकलं.

त्या मेलेल्या कोपऱ्यात लांबाल स्वतः लावणीला वाकला. इथे लावणी बायकांची, पुरुष हात लावत नाहीत. बांधावरच्या बाया खिदळल्या, "या पोरीला स्थळ बघा गं!" त्यानं पुढचं रोप रोवलं. सिबेतनं रोपांची जुडी त्याच्या हातात दिली.

माझा काठ आता सांधता येत नाही. फटीतून थेंबथेंब खारं झिरपतं, म्हणून दर भरतीला लांबाल येतो, हातानं चिखल दाबतो. मित्रांनो, आम्ही मुक्या वस्तू चूक झाली तरी ओरडत नाही, तेव्हा आमच्याकडे आधी बघत जा. परवा ओहोटीला तो बुचाशी बसला, बोट खाडीत बुडवून जिभेवर ठेवलं आणि कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला विचारलं, "नळे, उघडू का गं?"