चपलेची साक्ष

माणसाला गव्हाच्या दाण्याएवढे करता येते, याचे शहरात आता कुणाला नवल राहिले नव्हते. मुंग्यांच्या वाटा मुंग्यांच्याच उंचीवरून पाहता याव्यात म्हणून कीटकशास्त्राच्या संशोधकांसाठी ती सोय झाली होती. त्याच कामासाठी रत्नमाला आणि तिचा सहकारी गोकुळ त्या चैत्रात दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका पेरूच्या बागेत येत होते.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी राही. मंजुषा गाडीतल्या यंत्रावर बसे, दोघांना लहान करी आणि एका छोट्या डब्यात ठेवी. बागेचा राखणदार पुंडलिक तो डबा दोन्ही हातांनी धरून, नैवेद्याचे ताट न्यावे तसा जपून झाडाखाली नेऊन ठेवी. डब्यातून बाहेर पडले की पहिली दिसे ती पुंडलिकची चप्पल. जोडातल्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, आणि तो त्याने लाल वायरीने बांधून घेतला होता. त्या उंचीवरून ती वायर वडाच्या पारंबीएवढी जाड दिसे. गोकुळ तिला लाल दरवाजा म्हणायचा. "लाल दरवाजा गेला, चला आता कामाला," असे म्हणून तो पाठीवरची पिशवी सारखी करी.

बागेचे मालक काकासाहेब. त्यांची विधवा बहीण भामाबाई बागेतच राबत असे. ती या दोघांना रोज ताक द्यायची, पण आधी खोपटाजवळ बसवून मनभर बोलून घ्यायची.

"एवढंसं व्हऊन काय मिळतं गं पोरी तुला?"

"वरून जे दिसत नाही ते दिसतं, मावशी."

"आमी तर जन्मभर एवढ्याशाच ऱ्हायलो," भामाबाई हसून म्हणाली होती. "आमाला न्हाई कुनी भत्ता दिला!"

त्या हसण्यामागचे कारण गावात सगळ्यांना ठाऊक होते. वडिलांच्या बागेतला आपला वाटा भामाबाई भावाला सोडून द्यायला तयार नव्हती.

ते घडले त्या दुपारी रत्नमाला आणि गोकुळ खोपटामागच्या सावलीत लाल मुंग्यांच्या रांगेपासून थोडे अंतर राखून उभे होते. आधी जमीन हादरली. मग भामाबाईचे पाय आले. ते अनवाणी होते आणि जोडव्यांच्या जागी बोटांवर फक्त फिकट वळ उरले होते. तिच्या समोर दुसरे पाय येऊन थांबले. माणसांचे बोलणे या उंचीवर शब्दांनी कळत नसे. ते आभाळातल्या गडगडाटासारखे अंगावरून जाई. तो गडगडाट वाढत गेला. समोरच्या पायांपैकी डावा पाय पुढे सरकला आणि रत्नमालेला लाल वायर दिसली. पलीकडे भिंतीला टेकलेली कुदळ उचलली गेली. नंतरचा आवाज गडगडाटासारखा नव्हता. तो ओल्या मातीत काही रुतल्यासारखा होता.

भामाबाई पडली तेव्हा धुळीचा लोट दोघांना फेकून गेला. रत्नमाला उठली, तर तिच्यासमोर भामाबाईचा चेहरा जमिनीला टेकलेला होता. एक डोळा उघडा होता. तो विहिरीएवढा डोळा हलला, इकडेतिकडे फिरला आणि रत्नमालेवर येऊन थांबला. आपल्याला या दाण्याएवढ्या आकारात कुणी पाहू शकते, असे रत्नमालेला कधी वाटले नव्हते. पण भामाबाईला वरून न दिसणारे पाहायची सवय असावी. ओठ हलले. श्वासाचा गरम वारा आला, परत आला, आणि मग आला नाही. रत्नमाला तिच्या गालाला हात लावून उभी राहिली. एवढ्या मोठ्या माणसाला धीर द्यायला हा हात पुरत नाही, एवढेच तिला कळत होते. मागे गोकुळ बिनतारी यंत्रात ओरडत होता. मंजुषा रस्त्यावरून धावत आली तोवर दुसरे पाय निघून गेले होते.

"कोण होता?" ठाण्यातल्या निरीक्षक सरिता यांनी विचारले.

"पुंडलिक," रत्नमाला म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही. गोकुळनेही तेच सांगितले. चप्पल खोपटाच्या दारात सापडली आणि तिच्या तळव्याला रक्त होते. पुंडलिकला संध्याकाळी धरले. गावातही कुणाला शंका उरली नाही. राखणदार बौद्धवाड्यातला, आणि त्याच्यावर बोट ठेवणारी बाईही त्यांच्यातलीच. मग खोटे कशाला बोलेल, असे लोक म्हणाले. हे शब्द रत्नमालेच्या कानावर आले तेव्हा तिला बरे वाटले नाही. पण आपण पाहिले तेच सांगितले, अशी तिने मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात सकाळीच शहरात, गारखेड्यातल्या तिच्या घराचे फाटक वाजले. पुंडलिकची बायको कडूबाई उभी होती. रत्नमाला लगबगीने बाहेर आली.

"ताई, तुमी आपल्यातल्या, म्हनून आले," कडूबाई म्हणाली. तिच्या आवाजात रडणे नव्हते. ते संपले असावे. "त्या दिवशी मोटारीची लाइट दिवसाची व्हती. आमचे मालक कांद्याच्या वावरात दारं धरून व्हते. पानी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडायचं म्हंजी चिखलात उभं ऱ्हायचं. कुनी चपला घालून दारं धरतं का? चपला खोपटापशीच व्हत्या."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कडूबाई. चप्पल त्यांचीच होती."

कडूबाई खाली पाहत होती. रत्नमालेनेही खाली पाहिले. तिच्या पायांत वडिलांची काळी चप्पल होती. दारात जी हाताशी, नव्हे पायाशी, आली ती तिने अडकवली होती. तिची बोटे पट्ट्यात अर्ध्यावरच पोचली होती आणि मागे टाचेच्या पलीकडे बोटभर चप्पल रिकामी होती.

"तुमच्याच हायेत का त्या?" कडूबाईने विचारले.

रत्नमाला पायरीवर बसली. या घरात जन्मापासून कुणी आपलीच चप्पल शोधून फाटकापर्यंत गेले नव्हते. दारातली चप्पल घरात कुणाचीच नसते, अंगणात सगळ्यांची असते. आणि हे ठाऊक असून तिने एका पायाला माणसाचे नाव दिले होते.

मग तिला दुसरेही आठवले, आणि त्याने ती अधिकच घाबरली. तिच्या चपलेत मागे जागा उरली होती. त्या दुपारी लाल वायरीच्या चपलेत मात्र उरली नव्हती. टाच मागे बाहेर आलेली होती, चपलेच्या काठावरून उतू जात होती. त्या टाचेच्या आतल्या अंगाला एक उंचवटा होता. मोडलेला काटा आत राहून त्यावर कातडे धरावे तसे पायाला होणारे कुरूप होते ते, आणि त्याच्या मध्यभागी काळा ठिपका होता. हे तिने पाहिले होते. विचारले कुणी नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते. की आता पुंडलिक सुटावा म्हणून मन नवा पाय घडवत होते?

"साक्ष फिरवली तर यापुढे आपलं कुणी ऐकणार नाही," गोकुळ त्याच दिवशी दुपारी म्हणाला. नेहमीची थट्टा त्याच्या बोलण्यातून गेली होती. "म्हणतील, दाणा केवढा आणि त्याची साक्ष केवढी!"

"तू टाच बघितलीस?"

"मी लाल वायर बघितली," तो म्हणाला. "त्यापुढे मी बघितलंच नाही, रत्नमाला. मला वाटलं, ओळख पटली."

सरिताबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. दारातला हवालदार मात्र हसला. "काकासाहेब पुंडलिकच्या चपलेत पाय घालतील व्हय? त्याच्या हातचं पानी घेत न्हाईत ते!"

"मी काकासाहेबांचं नाव घेतलेलं नाही," रत्नमाला म्हणाली. "मी एकदा नाव घेऊन बसले आहे. आता पाय बघितल्याशिवाय नाव घेणार नाही."

"कुरूप गावात दर तिसऱ्या माणसाला असतं," सरिताबाई म्हणाल्या. "एवढ्यावरून ओळखाल?"

"या उंचीवरून नाही ओळखणार. त्या उंचीवरून ओळखेन. नाहीच ओळखलं तर तसं सांगेन."

सरिताबाईंनी आधी तिच्याकडून टाचेचे वर्णन पंचांसमोर वदवून घेतले. मग ठाण्याच्या मागच्या खोलीत पांढरी चादर अंथरली. खुर्च्यांच्या ओळीत माणसे अनवाणी बसवली. बागेत त्या दिवशी येऊन गेलेला प्रत्येक जण, शिवाय साध्या कपड्यांतले दोन शिपाई. त्यांच्या गुडघ्यांवरून दुसरी चादर टाकली, वरचे काही दिसू नये म्हणून. कोण कुठे बसले ते रत्नमालेला कळू दिले नाही. मंजुषाने डबा चादरीच्या टोकाला ठेवला आणि गोकुळ बिनतारी यंत्र घेऊन बाजूला बसला.

पांढऱ्या मैदानावर ती एकटी निघाली. समोर पायांची रांग डोंगरासारखी पसरली होती. पहिली टाच तिने दुरूनच ओळखली. तिच्या भेगा उन्हाळ्यातल्या वावराच्या होत्या आणि भेगांतली माती कधी न निघणारी होती. रोज सकाळी डबा टेकवताना हीच टाच तिच्यासमोर असे. तरी ती तिला वळसा घालून गेली आणि आतले अंग नीट पाहिले. ते साफ होते. तिला दम लागला. आपण किती सोप्या गोष्टीकडे पाहिले नव्हते!

दुसरे पाय, तिसरे पाय. एका टाचेला कुरूप होते, पण ते खालच्या बाजूला आणि पसरट. ती पुढे गेली.

पाचव्या माणसाच्या डाव्या पायाशी ती थांबली. उंचवटा, त्याभोवतीचे ताणलेले कातडे आणि मधला काळा ठिपका. ठिपका सरळ नव्हता, डावीकडे कललेला होता. त्या दुपारी धुळीत पडण्याआधी तो तिने असाच कललेला पाहिला होता. मन एवढे खोटे घडवू शकत नाही, अशी तिची खात्री पटली. आणि त्याच क्षणी त्या पायाची बोटे आत वळली. आपल्या टाचेशी काहीतरी उभे आहे, हे त्याला जाणवले असावे. पाय किंचित उचलला गेला. ती हलली नाही. तिला भामाबाईचा डोळा आठवत होता.

"पाय खाली," वरून सरिताबाईंचा गडगडाट झाला असावा, कारण पाय खाली टेकला.

तिने बिनतारी यंत्र तोंडाशी धरले. "गोकुळ, डावीकडून पाचव्या जागेचा डावा पाय तो आहे," ती म्हणाली. "माणूस कोण, ते त्यांनी चादर काढून बघावं. मी फक्त पाय बघितला होता."

चादर काढली तेव्हा ती डब्यात परतली होती. मोठी होऊन बाहेर आली तेव्हा काकासाहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पायाकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे, पाहत बसले होते. "घरी असतो तर घडलं नसतं," ते पुटपुटले. "खाटेवर पडलो व्हतो खोपटात. तिनं हाक मारली. बूट घालायला बी थांबलो न्हाई, दारात व्हत्या त्याच अडकवल्या."

पुंडलिकला सोडायला संध्याकाळ झाली. रत्नमाला पायऱ्यांशी थांबली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. रागावलेला दिसत नव्हता.

"ताई, तुमी माझ्या चपलेची साक्ष काढली. माझी काढलीच न्हाई."

"हो, दादा," ती म्हणाली. याहून अधिक बोलणे म्हणजे त्याच्याकडून क्षमा मागून घेणे झाले असते.

त्याची चप्पल मुद्देमालात जमा होती. रस्त्याचे डांबर अजून तापलेले होते. ठाण्याच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि हवालदारच म्हणाला, "घाल की त्यातली एखादी, कुनाची बी. गेटपर्यंत तर जायचंय."

पुंडलिकने ढिगाकडे पाहिले, मग कडूबाईकडे, आणि पहिल्यांदाच जरासा हसला.

"नगं," तो म्हणाला. "आता दुसऱ्याच्या चपलेत पाय घालायची हिंमत न्हाई."

दोघे अनवाणीच निघाले. रत्नमाला त्यांच्या मागून चालू लागली. फाटकापाशी तिने आपल्या चपला काढून हातात घेतल्या. डांबराने तिचे तळवे भाजले. समोर पुंडलिकच्या टाचा उचलल्या जात होत्या, टेकत होत्या, आणि त्यांच्यावरून ती नजर काढत नव्हती.