निकाल सांगायचा नाही

आमच्या घरात प्रत्येक वर्ष दोनदा येतं. पहिल्यांदा येतं ते सगळ्या जगाबरोबर. दुसऱ्यांदा येतं डिसेंबरात, आमचे हे जहाजावरून घरी आले की. मग जानेवारीतल्या स्पर्धांपासून सगळं पुन्हा पहिल्यापासून बघायचं आणि पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करायचं.

हे मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहेत. जानेवारीत जातात ते वर्ष संपता संपता उगवतात. आता जहाजावरही इंटरनेट असतं, बाकीची मंडळी फोनला चिकटलेली असतात, कुठे कोण जिंकलं ते त्यांना आपल्याआधी कळतं. पण आमच्या ह्यांचा नियम म्हणजे नियम. निकाल सांगायचा नाही! जो बोलेल त्याच्या ताटात आठवडाभर करपलेलं पडेल, असा खलाशांना दमच भरून ठेवलाय. फोनवर माझ्याशी बोलतानाही पहिलं वाक्य ठरलेलं, "तब्येतीचं सांग, हवापाण्याचं सांग, खेळाचं अक्षर काढू नकोस." लोकांचे नवरे बायकोला फोनवर काय काय गोड बोलतात, आणि आमचं हे असं.

मग वर्षभर सगळ्या स्पर्धा रेकॉर्ड कोण करणार? मी. दुसरं आहे कोण? मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर बारीक काम करून डोळ्यांचं भरीत होतं, आणि घरी आल्यावर रिमोट घेऊन टीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्यासमोर बसायचं. उद्या सायकल, परवा पोहणं, शनिवारी फुटबॉल. मला सायकलच्या शर्यतीत काही म्हणजे काही कळत नाही. तरी एकही शर्यत चुकवली नाही मी आजवर. बायको मिळाली म्हणून बरं, नाहीतर त्यांचं वर्ष कोणी सांभाळून ठेवलं असतं?

हे घरी आले की घराची छावणी होते. पेपर बंद. शेजारच्या काकूंना ताकीद. आणि सासूबाईंची खुर्ची सोफ्याच्या मागे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर सगळा निकाल छापलेला असतो. एके वर्षी पेनल्टी मारायच्या आधीच त्यांनी "अरेरे" म्हणून सुस्कारा सोडला, तर हे दोन दिवस आईशी बोलले नाहीत. या खेपेला आल्या आल्या हे दुकानात माझा जेवणाचा डबा द्यायला आले, तेव्हा खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक उत्साहानं म्हणालं, "काय फायनल झाली हो यंदा! शेवटच्या चेंडूवर..." मी त्याच्या नाकावर तपासणीची जाडजूड फ्रेम चढवली आणि ओरडले, "खालची ओळ वाचा! मोठ्यानं!" बिचारा घाबरून तीच ओळ तीनदा वाचत राहिला.

तर यंदाचं वर्ष. टेनिसपासून सुरुवात झाली. दोन मुलांची आई, सगळ्यांनी मोडीत काढलेली, आणि तिनं कप उचलला. फायनल संपली तसे हे उठले, स्वयंपाकघरातून झारा आणला आणि मोठ्या पातेल्यावर तीनदा हाणला. जहाजावर जेवण तयार झालं की हे असंच वाजवतात. घरी मात्र जिंकणाऱ्यासाठी वाजवतात. तो आवाज झाला की जिन्यातून काकू विचारतात, "कोण जिंकलं हो?" त्यांना अकरा महिन्यांपासून माहीत असतं, पण विचारतात. हे दारात जाऊन ऐटीत सांगतात. काकू म्हणतात, "काय सांगता!" आमचा जिना आहे तसा गुणी.

मग बुद्धिबळात एका शाळकरी पोरीनं जगज्जेत्याला घाम फोडला. मॅरेथॉनचा विक्रम मोडला. क्रिकेटची फायनल शेवटच्या चेंडूवर गेली, तेव्हा ह्यांनी सोफ्याची उशी दातांत धरली होती. फुटबॉलचा कप अशा देशाकडे गेला की त्यांचा गोलकीपरच रडायला लागला, आणि त्याच्याबरोबर आमचे हेही. पातेल्याला पोचे पडले. मी बडबडले, पण खरं सांगू? त्या दिवसांत घर कसं भरल्यासारखं वाटतं. तीच मॅच मी आधी एकटीनं बघितलेली असते, तेव्हा इतकी मजा आलेली नसते.

पण यंदा रेकॉर्डिंगमध्ये जसजसा ऑगस्ट जवळ यायला लागला, तसतशी मी मधेच उठून चहाच्या खेपा वाढवायला लागले. कारण ऑगस्टात होती मैदानी खेळांची जागतिक स्पर्धा, आणि तिच्यात होती आमची लेक.

तिला घरात भिंगरी म्हणतात. पाळण्यातही कधी स्वस्थ पडली नाही. ती अडथळ्यांची लांब शर्यत धावते. लाकडी अडथळे असतात, त्यांतल्या एकापलीकडे पाण्याचा खड्डा. ओल्या बुटांनी गरगर फेऱ्या मारायच्या. असला खेळ कोणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. तिची निवड झाल्याचं ह्यांना जहाजावर जायच्या आधीच कळलं होतं. पुढचं ह्यांना काही माहीत नाही. लेकीच्या बाबतीतही नियम तोच! फोनवर तिला फक्त विचारायचे, "जेवलीस का?"

आणि मला माहीत होतं. ऑगस्टात मी एकटीनं ती फायनल बघितली होती. भिंगरी पाण्यात तोंडावर आपटली, तिच्या अंगावरून दोघीजणी गेल्या आणि कॅमेरा पुढे निघून गेला. मी टीव्ही बंद करून खूप रडले. ती घरी आली तेव्हा आम्ही कोणी तो विषय काढला नाही. तिनं बुटांची पिशवी कपाटावर टाकली ती टाकलीच. कोचचे फोन यायचे, ती उचलायची नाही. नव्या वर्षाच्या शिबिराला येणार की नाही, ते त्यांना महिनाअखेर कळायला हवं होतं. एकदा मला म्हणाली, "बाबांनी शर्यत बघितली की मी कोचला सांगून टाकते, बास झालं. त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही."

हे मेलं अवघड जागेचं दुखणं. एकदा वाटे, ह्यांनी ती शर्यत बघूच नये. रेकॉर्डिंगचा डबा बिघडला म्हणून सांगावं. मग वाटे, निदान आधी कानावर घालावं. माणूस आशेनं बसणार, ओरडणार, आणि पोरीनं ते सगळं बघायचं? शर्यतीच्या आदल्या दिवशी हे कांदा चिरत होते, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "अहो, उद्याचं जरा..."

ह्यांनी सुरी टाकून दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठमोठ्यानं गायला लागले. सूर तर काय विचारता! माझं डोकं फिरलं. मी त्यांचे हात ओढून काढले. "चुलीत गेला तुमचा नियम! पोरीचा प्रश्न आहे!"

गाणं थांबलं. डोळ्यांत कांद्याचं पाणी. म्हणाले, "अगं, जहाजावर मला सगळं आधीच ठाऊक असतं. पुढच्या महिन्यात मंगळवारी काय शिजणार तेसुद्धा. ही एकच गोष्ट मला माहीत नसते. माझ्या दृष्टीनं ती अजून धावलेलीच नाही. उद्यापर्यंत मला वाट बघू दे की."

कपाळ माझं! मी कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यत लावली. सासूबाई मागच्या खुर्चीत, चेहऱ्यावर पदर. मी सोफ्याच्या टोकाला. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी, म्हणजे पळून जायला वाट मोकळी. हे झारा मांडीवर घेऊन, पातेलं शेजारी ठेवून बसले होते.

बार उडाला आणि हे उठून उभे राहिले.

"चल भिंगरे! घाई नको! मधे अडकू नकोस, बाहेरून ये! शाब्बास! अशीच! अगं, कोपर बघ तिचं, ढकलतेय ती तुला! पंच झोपलेत का? चल, चल माझे बाय!"

दोन फेऱ्या उरल्या तेव्हा आमची तिसरी होती. ह्यांचा आवाज चिरकायला लागला. टीव्हीपुढे गुडघे टेकून ते त्या एवढ्याशा पोरीला हातांनी पुढे ढकलत होते. मी दाराकडे बघितलं. भिंगरी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिनं हे कधी ऐकलेलंच नाही. आजवर तिच्या एकाही शर्यतीला हे मैदानावर नव्हते, समुद्रावर होते. आणि इथे हे तिच्या शर्यती बघायचे तेव्हा ती सरावाला गेलेली असायची. आपला बाप आपल्या नावानं कसा ओरडतो, ते पोर आज पहिल्यांदा बघत होती. मला भडभडून आलं.

आणि ती पडली. अडथळ्यावरून पाय सटकला आणि तोंडावर पाण्यात. दोघीजणी तिच्यावरून गेल्या. कॅमेरा पुढे.

"मागे घ्या!" हे ओरडले. "कॅमेरा मागे घ्या की, गाढवांनो! ती तिथे आहे!"

कॅमेरा कुठला मागे येतोय? पुढची पोरगी जिंकली, स्पर्धेचा विक्रम मोडला, झेंडा, फुलं, रडारड. हे त्यातलं काहीच बघत नव्हते. पडद्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होते. मग रिमोट उचलून शर्यत मागे नेली, पुन्हा बघितली, पुन्हा मागे नेली. कुठेच दिसेना. झारा जमिनीवर पडला होता.

शेवटी टीव्ही थांबवून ते दाराकडे वळले. "भिंगरे," म्हणाले, "पुढे काय झालं?"

सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला. त्यांच्या मुलानं जन्मात पहिल्यांदा निकाल विचारला होता.

भिंगरीनं कप दुसऱ्या हातात घेतला. "बाबा, निकाल सांगायचा नसतो ना?"

"सांग गं. उठलीस का तू?"

"उठले," ती म्हणाली. कप कुठे ठेवावा कळेना, म्हणून माझ्या हातात दिला. "डावा बूट पाण्यातच राहिला. शोधत बसले तर शर्यत संपेल, म्हणून तशीच निघाले. एक पाय अनवाणी. पुढचे अडथळे तसेच मारले. मग फिरून पुन्हा त्याच पाण्यावर आले, तर बूट तिथेच पडलेला. मला हसायलाच आलं, बाबा. त्याच्यावरून उडी मारून गेले."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. सगळ्यात शेवटी आले. तोवर ती जिंकलेली झेंडा घेऊन माझ्याच वाटेत मिरवत होती. तिला वळसा घालून रेषा ओलांडली."

मी तर उडालेच. "कार्टे! मला वाटत होतं तुला धरून बाहेर नेलं असेल! चार महिने झाले, मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे नुसते हळू आवाजात बोलत होतात. घरात कोणी आजारी असल्यासारखे."

खरंच होतं ते. आम्ही तिला जपत होतो, आणि ती बिचारी कोणी विचारायची वाट बघत होती.

ह्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "दुसऱ्यांदा पाणी कसं मारलंस? अनवाणी पाय अडथळ्यावर ठेवलास की बुटाचा?"

"अनवाणी. बोटांनी घट्ट पकड येते, बाबा! बघा, असा." आणि आमच्या बैठकीच्या खोलीत, स्टुलावर पाय ठेवून, पोरगी सतरंजीवरून पलीकडे उडाली. कोपऱ्यातला दिवा थोडक्यात वाचला. "आख्ख्या शर्यतीत तीच उडी सगळ्यात चांगली बसली. कोणी बघितली नाही, पण बसली."

ह्यांनी जमिनीवरून झारा उचलला आणि पातेल्यावर असा काही हाणला, तीनदा नाही, हात दुखेपर्यंत हाणला. पातेलं कायमचं वाकडं झालं. झालं तर झालं.

जिन्यातून काकूंचा आवाज आला, "कोण जिंकलं हो?"

हे दारापर्यंत गेले, आणि झारा धरलेल्या हातानंच डोळे पुसायला लागले. मग मीच पुढे झाले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "आमची लेक! शेवटची आली!"

काकू दोन पायऱ्या वर आल्या. मग म्हणाल्या, "काय सांगता!"

आत येऊन बघते तर भिंगरी कपाटावरची पिशवी काढत होती. चार महिने मी त्या पिशवीला हात लावला नव्हता. तिनं आतून एक बूट काढला. एकच.

"आई," ती म्हणाली, "नवे बूट घ्यावे लागतील. आणि कोचचा नंबर लाव जरा, माझा फोन चार्जिंगला आहे."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिनं तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून मोठमोठ्यानं बेसूर गाणं सुरू झालं. आमचे हे कानांत बोटं घालून बसले होते.

"मला काही ऐकू येत नाहीये!" गाता गाता ओरडले. "पुढच्या डिसेंबरात बघीन!"